दुर्मीळ जर्मन-स्लाव आडनावाचं मूळ कसं शोधायचं: 'फिर्शो' या नावाच्या निमित्ताने

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना रुडॉल्फ फिर्शो हे नाव पाठ असतं. रक्तवाहिनीत गुठळी का होते हे सांगणारं त्रिक आणि डाव्या हंसळीच्या वर हाताला लागणारी गाठ, दोन्ही त्याच्याच नावाने ओळखली जातात. आपल्याकडे बहुतेकजण 'विर्चो' म्हणतात. माणूस जर्मन होता. जन्म १३ ऑक्टोबर १८२१, गाव शिफेलबाइन, आजचं पोलंडमधलं श्विद्विन. आडनाव मात्र जर्मन भाषेतलं नाही, स्लाव भाषांतलं (पोलिश, चेक यांच्या कुळातलं) आहे.

अशी नावं पूर्व जर्मनीत हजारोंनी आहेत. त्यातली काही घरटी एक सापडतात, काही इतकी विरळ की फोनच्या जुन्या पुस्तकात जेमतेम दहा-वीस नोंदी. जर्मनीत स्थायिक झालेल्या किंवा तिथे नातं जुळलेल्या मराठी माणसासमोरही असं एखादं आडनाव येतं आणि प्रश्न पडतो, हे आलं कुठून? उत्तर शोधायला ठरलेली वाट आहे. बहुतेकजण चुकतात ते क्रमात. ते आधी अर्थ शोधतात आणि मग अर्थाला घराणं चिकटवतात.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवा

एल्ब आणि झाले या नद्यांच्या पूर्वेला मध्ययुगात स्लाव भाषा बोलणारे लोक राहत होते: सोर्ब, पोलाब, पोमेरानियन, काशुबी. बाराव्या ते चौदाव्या शतकांत तिथे जर्मन वसाहतकार आले. गावांची नावं बरीचशी जुनीच राहिली. आडनावं पक्की झाली ती त्यानंतर, शहरांत आधी आणि खेड्यांत सावकाश. त्यामुळे स्लाव नावाच्या गावात राहिलेल्या अस्सल जर्मन शेतकऱ्यालाही स्लाव आडनाव मिळालं, आणि स्लाव घराण्याला जर्मन. नाव कुठल्या भाषेचं आणि पूर्वज कुठल्या भाषेचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डीएनए चाचणीही यात फारशी मदत करत नाही. तो सगळा पट्टा शतकानुशतकं मिसळलेला आहे.

पायरी १: तीन गोष्टी हातात हव्यात

सगळ्यात जुना कागद शोधा आणि त्यावरून तीन गोष्टी उतरवून घ्या: नावाची त्या कागदावरची स्पेलिंग (आजची नव्हे), गाव आणि धर्मपंथ.

पंथ का, तर कागद त्यावर अवलंबून असतात. प्रोटेस्टंट असतील तर चर्चच्या नोंदवह्यांसाठी आर्खिऑन हे सशुल्क पोर्टल. कॅथलिक असतील तर मात्रिकुला, ते फुकट आहे, किंवा पोलंडमधल्या धर्मप्रांतांची दफ्तरं. कुटुंब ज्यू असेल तर गणितच बदलतं: ऑस्ट्रियाच्या राज्यात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना कायमची आडनावं घ्यावी लागली. तिथे तेराव्या शतकातलं मूळ शोधणं व्यर्थ. गावाचं नाव असलं तरी ते त्या सुमारास घेतलेलं असण्याची शक्यता जास्त.

पायरी २: नावाची शेपटी वाचा

शेवटचा भाग प्रदेश सांगतो, खात्रीने नव्हे पण बऱ्यापैकी.

शेवटी ओ-डब्ल्यू असेल तर मेक्लेनबुर्ग, पोमेरानिया, ब्रांडेनबुर्ग. हा स्लाव '-ओव' प्रत्यय, म्हणजे 'अमक्याचं' किंवा 'अमकं असलेलं ठिकाण'. उच्चारात डब्ल्यू मुका असतो: पांको, ट्रेप्टो, ब्यूलो. 'पांकोव' म्हणणारा बाहेरचा, हे बर्लिनमध्ये लगेच कळतं. शेवटी आय-टी-झेड, म्हणजे '-इट्स', असेल तर सॅक्सनी आणि लाउझित्सकडे (पूर्व जर्मनीतला सोर्ब लोकांचा मुलूख) आधी पाहा. '-विट्स' हे स्लाव '-ओवित्से'चं जर्मन रूप. शेवटी '-ईन' असून जोर त्याच अक्षरावर पडत असेल, जसं श्वेरीन, टेम्प्लीन, तर तेही बहुधा स्लावच.

आता सापळे. शेवटी ए-यू, उच्चार '-आउ', असेल तर दोन शक्यता: जर्मनमध्ये ओलसर कुरणाला 'आउ' म्हणतात, आणि स्लाव '-ओव'चंही कित्येक ठिकाणी '-आउ' झालं. सायलेशियातलं ग्लोगाउ म्हणजे पोलिश ग्वोगुफ. '-के' तर आणखी फसवं. विल्के हे उत्तर जर्मनीतलं सरळ लाडाचं रूप, पण येश्के स्लाव. आणि 'लेसिंग'? दिसायला शंभर टक्के जर्मन, पण सोर्ब 'लेस्निक', म्हणजे रानात राहणारा, यावरून आलेलं. '-इंग' नंतर चिकटलं. नाटककार लेसिंग १७२९ मध्ये जन्मला ते कामेन्त्सही सोर्ब मुलखातलंच.

पायरी ३: स्पेलिंगचं जाळं टाका

पोलिश किंवा सोर्ब कानाने ऐकलेलं नाव जर्मन कारकुनाने आपल्या लिपीत बसवलं. प्रत्येक कारकुनाने वेगळं. त्यामुळे एका स्पेलिंगवर शोध थांबवला तर निम्मे कागद निसटतात.

इथे मराठी कान कामी येतो. आपण 'चमचा'मधला च आणि 'चिंच'मधला च वेगळे उच्चारतो. स्लाव भाषांतही हे दोन वेगळे वर्ण आहेत. पहिला जर्मनमध्ये झेड किंवा टी-झेड होतो, दुसरा टी-एस-सी-एच किंवा झेड-एस-सी-एच. चेक आणि सोर्ब भाषांतला खानावळवाला जर्मनमध्ये 'क्रेचमर' झाला तो याच वाटेने, आणि त्याच्या डझनभर स्पेलिंग आहेत. म्हणून नाव आधी स्थानिक माणूस उच्चारतो तसं देवनागरीत लिहून काढा, पहिला च 'त्स' असा. मग त्या उच्चाराच्या शक्य तितक्या जर्मन आणि पोलिश स्पेलिंग मांडा.

यात आणखी तीन अदलाबदली धरा. सॅक्सन बोलीत ब-प, ड-ट, ग-क यांत फरक उरत नाही, तेव्हा दोन्ही शोधा. सुरुवातीला व्ही, एफ आणि डब्ल्यू एकमेकांच्या जागी येतात. आणि ग-ह: डोंगराला पोलिश आणि खालच्या लाउझित्सच्या सोर्ब भाषेत 'गोरा', वरच्या लाउझित्समध्ये आणि चेकमध्ये 'होरा'. या एका अक्षरावरून नाव कुठल्या बाजूचं ते कधी कधी कळतं.

संगणकाच्या ध्वनिशोधावर विसंबू नका. अमेरिकन साउंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतं, म्हणून त्याला व्ही-ने सुरू होणारं फिर्शो आणि एफ-ने सुरू होणारं फिर्शाउ ही दोन वेगळी नावं वाटतात. स्लाव आणि ज्यू नावांसाठी १९८५ मध्ये तयार झालेली डाइच-मोकोटॉफ पद्धत व्ही आणि एफला एकच अंक देते, पण शेवटच्या मुक्या डब्ल्यूला ती अडखळते. जर्मनसाठीची कोलोन पद्धतही तिथेच अडते. उपाय साधा: दोन्ही टोकं कापा आणि मधला गाभा, इथे 'आय-आर-सी-एच', आजूबाजूला तारांकन लावून शोधा. कचरा पुष्कळ येतो. तो हातानेच निवडावा लागतो.

हस्ताक्षराचंही भान हवं. जुन्या वह्या कुरेंट लिपीत आहेत. तिच्यात छोटा ई हा एन-सारखा दिसतो, यूच्या डोक्यावर कमान असते, आणि लांब एस, एफ, एच यांत गल्लत होते. (या सगळ्याला सरसकट 'झ्युटरलीन' म्हणतात, ते चूक. झ्युटरलीन प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून आली.) अनुक्रमणिका करणाऱ्यानेही हीच गल्लत केलेली असू शकते, म्हणून चुकीच्या वाचनांचाही शोध घ्या.

पायरी ४: नकाशा, पण आजचा नव्हे

आजचा नकाशा पूर्वेकडच्या नावांबाबत दिशाभूल करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आणि त्यानंतर सुमारे १ कोटी २० लाख जर्मन पूर्वेकडून पळाले किंवा हाकलले गेले. पोमेरानियातलं नाव आज श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये दाट दिसतं ते त्यामुळे.

१९४५ पूर्वीचं चित्र हवं. त्यासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हानीच्या याद्या (मेलेले, जखमी, बेपत्ता). जर्मन वंशावळ-संगणक संघटनेच्या स्वयंसेवकांनी त्यांच्या सुमारे ८५ लाख नोंदी शोधता येतील अशा केल्या आहेत, आणि बहुतेक नोंदींत जन्मगाव किंवा जिल्हा आहे. दुर्मीळ नावाच्या वीस-पंचवीस नोंदी मिळाल्या तरी त्या कागदावर मांडा. सहसा एक-दोन जिल्ह्यांत झुबका दिसतो.

हा झुबका मूळ गावावर नेमका पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पुण्यातच राहणाऱ्या घराण्याला 'पुणेकर' हे आडनाव सहसा पडत नाही. गाव सोडून गेल्यावरच ते नाव लागतं. इथेही तसंच. मूळ गाव झुबक्याच्या कडेला, बहुधा ५ ते ५० किलोमीटरवर असतं.

पायरी ५: गावांतून गाव निवडणं

खरी मेहनत इथे आहे. फिर्शोचंच पाहू.

आजच्या पोलंडच्या वायव्य भागात 'व्येशखोवो' नावाची तीन गावं जवळजवळच्या जिल्ह्यांत आहेत. पोलिश नाव एकच, पण जर्मन काळात ती वेगळी होती. द्राम्बुर्ग जिल्ह्यातलं फिर्शो, नॉयश्टेट्टिन जिल्ह्यातलं वुर्शो आणि श्लोखाउ जिल्ह्यातलं फिर्शाउ. पोलिश नकाशावरून सुरुवात केली तर तिन्ही सारखीच वाटतात. म्हणून १९१२ चा मेयरचा स्थलनामकोश आधी उघडायचा, त्यातून जर्मन नाव आणि जिल्हा पक्का करायचा, आणि मगच आजच्या पोलिश गावाशी जोड लावायची. ओडर-नाइसे या सीमेवरच्या नद्यांच्या पूर्वेकडच्या गावांसाठी कार्टेनमाइस्टर हा माहितीसाठाही आहे. त्यात जर्मन आणि पोलिश दोन्ही नावांनी शोधता येतं आणि बऱ्याचदा चर्चचं गावही मिळतं.

पुढे प्रशासनाचा गुंता. द्राम्बुर्ग आणि शिफेलबाइन हे जिल्हे १८१६ च्या सुमारास पोमेरानियात आले. त्याआधी ते ब्रांडेनबुर्गच्या नॉयमार्कमध्ये होते. म्हणजे अठराव्या शतकातले त्यांचे सरकारी कागद पोमेरानियाच्या दफ्तरात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वुर्शो आधीपासून पोमेरानियात. आणि फिर्शाउ १७७२ पर्यंत पोलंडच्या राजाखाली, मग पश्चिम प्रशियात, १९२२ पासून पोझेन-पश्चिम प्रशिया या सीमाप्रांतात, १९३८ पासून पोमेरानियात. पोलिश नाव एक, पण शतकानुसार बदलणारी तीन वेगळी दफ्तरं.

शिफेलबाइनपासून द्राम्बुर्गचं फिर्शो सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे, बाकीची दोन गावं त्याहून लांब पूर्वेला. स्पेलिंगही तंतोतंत जुळते. म्हणून आडनाव या गावावरून आलं असं म्हणायला जागा आहे. पण 'अमकं घराणं त्याच गावातून निघालं' हे विधान वेगळं. त्याला पिढीमागून पिढीचा कागद लागतो. लेखात किंवा कौटुंबिक टिपणात ही दोन विधानं वेगळ्या ओळींत लिहावीत.

पायरी ६: कागदाची साखळी

प्रशियात सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ ला सुरू झाली, साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ ला. तिथून स्पेलिंग जवळजवळ गोठली. आधी या नोंदी गाठा आणि त्यातही लग्नाची नोंद आधी, कारण तिच्यात दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं आणि राहण्याचं ठिकाण असतं.

जर्मनीत जन्मनोंद ११० वर्षं, लग्न ८० आणि मृत्यू ३० वर्षं नोंदणी कार्यालयात बंद राहतात. तोवर ती साधारणपणे थेट वंशजालाच मिळते. मग ती दफ्तरखान्यात जाते आणि कोणालाही पाहता येते. पोलंडमध्ये जन्मासाठी १०० आणि लग्न-मृत्यूसाठी ८० वर्षं. पूर्वेकडच्या वाचलेल्या काही वह्या बर्लिनच्या पहिल्या क्रमांकाच्या नोंदणी कार्यालयात आणि तिथल्या प्रांतिक दफ्तरखान्यात आहेत, पण बऱ्याचशा पोलिश सरकारी दफ्तरखान्यांत, या भागासाठी मुख्यतः श्चेचिन आणि कोशालिनमध्ये. पोलिश दफ्तरांच्या शोध-पोर्टलवर गावाचं पोलिश नाव टाकावं लागतं. आतलं सगळं जर्मनमध्ये.

अर्ज करताना 'आमच्या घराण्याची माहिती पाठवा' असं लिहू नये. उत्तर येत नाही, आलं तर नकार येतो. नोंदीचा प्रकार, पूर्ण नाव, वर्ष (किंवा फार तर पाच वर्षांचा पट्टा), जर्मन आणि पोलिश गावनाव, पंथ आणि तुमचं नातं, एवढं अर्ध्या पानात, पोलंडला पोलिशमध्ये.

१८७४ च्या मागे चर्चच्या वह्या. त्या बहुतेक ठिकाणी तीस वर्षांच्या युद्धानंतर, म्हणजे १६४८ नंतरच सलग मिळतात. मूळ वही १९४५ मध्ये जळाली असेल तर लगेच हात टेकू नका: १७९४ च्या प्रशियन कायद्याने चर्चच्या वहीची दुसरी प्रत न्यायालयाकडे द्यावी लागत असे. ती प्रत वेगळ्या दप्तरात वाचलेली असू शकते.

साखळी तुटते ती बहुतेकदा दोन ठिकाणी. एक, घरजावई. वेस्टफालियात, आणि लाउझित्समध्येही, शेतावर लग्न करून आलेला पुरुष त्या शेताचं नाव घेत असे. बाप एका नावाचा आणि मुलगा दुसऱ्या, असं दिसलं की वहीत 'गेनांट' हा शब्द शोधा. 'म्हणून ओळखला जाणारा' असा त्याचा अर्थ. दोन, बायकांची नावं. सोर्ब रीतीने नोवाकची बायको नोवाकोवा आणि अविवाहित मुलगी नोवाकेत्स. चेकमध्ये '-ओव्हा'. तीन वेगळी घराणी समजून बसाल तर ते एकच घर असतं. जर्मन कायद्याने ही सोर्ब स्त्रीलिंगी रूपं १ मे २०२५ पासून अधिकृत केली आहेत.

पायरी ७: आता अर्थ

अर्थ आजच्या नावावरून काढू नये, गावाच्या सगळ्यात जुन्या लेखी रूपावरून काढावा. बर्लिनच्या मानचिन्हावर अस्वल आहे, म्हणून लोक ते नाव अस्वलावरून आलं समजतात. नाव प्रत्यक्षात दलदलीच्या अर्थाच्या स्लाव शब्दावरून आलं आहे.

व्येशखोवोच्या मुळाशी पोलिश 'व्येश्ख' आहे: वरचा भाग, माथा. संस्कृतातलं 'वर्ष्मन्', म्हणजे उंची, त्याचंच भावंड. 'नोवाक', जर्मनमधला नोआक, याचा अर्थ गावात नवा आलेला, आणि त्यातलं 'नोव' म्हणजे आपलं 'नव'. नोआक दुर्मीळ मुळीच नाही, कोटबुसच्या बाजूला घाऊक सापडतो.

घराण्यातल्या आख्यायिका या पायरीवर हमखास डोकं वर काढतात. तत्त्वज्ञ नीत्शे स्वतःला पोलिश सरदारांचा वंशज म्हणवून घेत असे. वंशावळ तपासली तर त्याला आधार सापडत नाही. त्याचं आडनाव निकोलाउसच्या लाडक्या रूपाचं, स्लाव वळणाचं शेपूट लागलेलं, सॅक्सनी-सायलेशियाकडचं. '-ओ' किंवा '-इट्स' म्हणजे उमराव, हाही असाच भ्रम. समोर 'फॉन' (उमरावांच्या आडनावाआधी येणारा शब्द) नसलेला प्रत्येक माणूस साध्या घरातला होता असंही नाही, पण शेपटीवरून सरदारकी ठरत नाही. पैसे घेऊन मानचिन्ह पाठवणाऱ्यांकडून काही घेऊ नका. मानचिन्ह ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे.

नाव किती दुर्मीळ?

जर्मन सरकार आडनावांची अधिकृत संख्या जाहीर करत नाही. म्हणून जर्मनीत संशोधक फोनच्या नोंदी वापरतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००५ पर्यंतच्या पुस्तिका घ्याव्यात. त्याआधी पूर्व जर्मनीत फोनच कमी होते, त्यानंतर घरचा फोन ठेवणं लोकांनी सोडलं. फोन घरटी एक, म्हणून नोंदींना अडीच ते तीनने गुणायचं. ४० नोंदी असतील तर साधारण १०० ते १२० माणसं.

प्रत्येक स्पेलिंगची संख्या वेगळी काढा, मग कागदाने जोडलेल्या स्पेलिंगची बेरीज वेगळी मांडा. एका कारकुनाने एक अक्षर बदललं म्हणून 'जगात फक्त १५ माणसांचं' ठरलेलं नाव खरं तर मोठ्या नावाची फांदी असू शकतं. उलट बाजूही तपासा: पोलंडचं सरकार नागरिक-नोंदणीतल्या आडनावांची यादी स्त्री-पुरुष वेगळी करून प्रसिद्ध करतं, तेव्हा '-स्की'ची संख्या काढताना '-स्का' मिळवायला विसरू नका. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेच्या यादीत १०० किंवा अधिक वेळा आलेलीच नावं आहेत. नाव यादीत नसेल तर तिथे त्या स्पेलिंगची शंभरापेक्षा कमी माणसं. साऱ्या जगाचे आकडे देणारी संकेतस्थळं अंदाजावर चालतात. पाच-दहा माणसांच्या नावाला ते आकडे निरुपयोगी.

नाव एखाद्या जिल्ह्यातून १९३० च्या दशकात अचानक नाहीसं झालेलं दिसलं, तर घराणं संपलं असं धरू नका. सायलेशिया, माझुरी आणि रूर खोऱ्यात कित्येकांनी त्या काळात स्लाव नाव टाकून जर्मन वाटणारं नाव घेतलं, काहींनी दडपणाखाली. सरकारी जन्मनोंदीच्या समासात हा बदल तारखेसकट लिहिलेला असतो. म्हणून नोंदीची नक्कल मागताना नुसता उतारा न मागता समासासकट पूर्ण पानाची प्रत मागा.